कंपास बाहेर ठेवून काढलेला नकाशा

एका रविवारी दुपारी दादाने आमचं घर मोजायला काढलं. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, जुन्या बरॅकमधली दोन खोल्यांची भाड्याची जागा. तिच्यात मोजण्यासारखं काही नव्हतं, पण तो डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होता आणि त्याला नवी कापडी टेप मिळाली होती. मी टेपचं टोक भिंतीला दाबून धरायचं आणि त्याने मोरीपर्यंत जायचं. आई आमटीला फोडणी देत होती, टेप तिच्या पायात आली आणि आम्हा दोघांना उलथन्याचा धाक मिळाला. शेजारच्या सिंधी अम्मा दारातून म्हणाल्या, "क्या रे अरविंद, घर बेच रहा है क्या?" दादा म्हणाला, "अम्मा, अपना है ही नहीं, तो बेचूँगा क्या." कॅलेंडरच्या पाठीवर त्याने काढलेल्या नकाशात डालड्याच्या डब्यातली तुळससुद्धा होती. मी सातवीत होते. माझा कॉन्व्हेंटचा निळा पिनाफोर दोरीवर वाळत होता. बाकी त्या दुपारी काहीच घडलं नाही.

ते आता आठवलं, कारण गेल्या महिन्यात अंबरनाथहून त्याचा फोन आला. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्याची उजवी बाजू गेली. बोलतो, पण एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा.

"बेबी, येशील का? मोजायचं आहे."

काय मोजायचं ते मला विचारावं लागलं नाही.

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूच्या डोंगरात एक पाडा आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, वाचून कोणी बघायला जाऊ नये म्हणून. पाड्याच्या वरच्या अंगाला एक गुहा आहे. काळ्या दगडाच्या दोन थरांमधला लाल मातीचा मऊ थर पाण्याने धुऊन गेला आणि ती तयार झाली. दादा अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता आणि सुट्टीच्या दिवशी असल्या जागा मोजत हिंडायचा. या गुहेचा एकमेव नकाशा त्याने काढला. पुढे खालच्या ओढ्याचं पाणी दर पावसाळ्यात घरांत शिरायला लागलं, तेव्हा पाड्याने वर सरकायचं ठरवलं. गुहा कुठून जाते ते दादाच्या नकाशात बघून, ती टाळून, वरच्या माळावर घरं बांधली. गेल्या श्रावणात त्यातल्या एका घरामागचा गोठा म्हशीसकट जमिनीत गेला. गावाला वाटलं, जुनी विहीर असेल. वरून दगड-माती टाकून खड्डा बुजवला. गुहा तिकडे नाहीच, असं नकाशात होतं.

दादाला मात्र झोप लागेना. त्यानेच ओळखीने बदलापूरच्या सानिका नावाच्या मुलीला गाठलं. ती सर्व्हेअर आहे आणि कॉलेजात शिकवतेही. लेझर स्कॅनरने गुहा नव्याने मोजायची ठरली. घरं सुरक्षित आहेत की नाहीत, ते त्यातून कळणार होतं. दादाला चालता येत नाही. त्याच्या वतीने बघायला मी.

पहिला दिवस

नाशिकहून कल्याणला सकाळची एसटी पकडली. आम्हा बायकांना अर्धं तिकीट असतं, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. घाटात ट्रकांची रांग लागते, तेव्हा तास-दीड तास जास्त धरून निघावं. कल्याणहून शेअर रिक्षाने उल्हासनगर. स्कॅनर सानिकाचा नव्हता. तो भाड्याने देणारा हरीश तीन नंबरलाच राहतो, आणि मला गमबुटांचा जोड घ्यायचा होता, म्हणून मी आधी तिथे उतरले.

आमची बरॅक राहिली नाही. तिथे आता चार मजले आहेत, खाली पडद्यांच्या कापडाचं दुकान. मी समोर उभी राहिले आणि मोरी कुठे असेल याचा अंदाज घेऊ लागले. दुकानदार म्हणाला, "आंटी, परदा दिखाऊँ?" मी नको म्हटलं. कोपऱ्यावर दाल-पकवान खाल्लं. पकवान तसंच कुरकुरीत आहे, वर कांदा आणि चिंचेची चटणी. उल्हासनगरला गेलात तर हे सकाळीच खा, अकरानंतर डाळ संपते. गमबुटांचा जोड अडीचशेला मिळाला. विक्रेत्याने साडेचारशे सांगितला होता. सिंधी बाजारात वाढलेल्या मुलीला एवढं जमतंच.

हरीश चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, दुकानात लग्नाचे ड्रोनही भाड्याने देणारा. त्याने पेटी उघडून स्कॅनर दाखवला. मिक्सरच्या भांड्याएवढा, वर फिरतं डोकं.

"आंटी, हे डोकं गोल गोल फिरतं आणि चारी बाजूला लाइट मारतं. लाइट भिंतीला लागून वापस येतो. किती टाइम लागला त्यावरून भिंत किती लांब, ते कळतं. एका सेकंदात लाखो ठिपके. आपण फक्त चालायचं."

"आणि दिशा? आत होकायंत्र लागत नाही?"

"नाय लागत. मशीन स्वतःच बघते, मागे काय होतं, आता काय आहे. जोडत जाते." मग तो हसला. "बायको विचारते, एवढी अकल तुझ्यात का नाय."

दुपारी अंबरनाथला दादाच्या घरी पोचले. शिवमंदिरापासून चालत दहा मिनिटं. तो खिडकीशी पलंगावर होता. वहिनींनी त्याला धुतलेला सदरा घातला होता, मी पाहुणी असल्यासारखा. चहा झाल्यावर त्याने डाव्या हाताने पलंगाखाली बोट दाखवलं. पत्र्याच्या नळकांड्यातून मी नकाशा काढला. ट्रेसिंग पेपर पिवळा पडलाय, पण शाई अजून काळीभोर. कोपऱ्यात त्याचं नाव, त्याच्या त्या उभट अक्षरात.

"देव इथे," तो म्हणाला.

गुहेच्या मध्यावर एक शेंदूर लावलेला दगड आहे. त्याच्या पुढे लोखंड न्यायचं नाही, असा पाड्याचा नियम. दादाने तेव्हा तो मानला होता. कंदील पत्र्याचा, तो बाहेर ठेवला आणि मेणबत्ती नेली. टेप कापडी, ती चालली. कंपासच्या सुईत पोलाद, तो देवापर्यंत वापरून बाहेर पाठवला.

"देवापर्यंत प्रत्येक वळणाला कंपास लावलाय. पुढे हाताला वाट सरळ लागली. सरळ काढली." तो दम घ्यायला थांबला. "त्यांच्या घरात गेलो होतो बेबी. त्यांचा देव. कसा मोडणार नियम?"

"बरोबर केलंस."

"ते उद्या कळेल."

दुसरा दिवस

अंबरनाथहून बदलापूरला रिक्षाने गेले. सानिकाने सोनिवलीतल्या तिच्या बिल्डिंगखाली बोलावलं होतं. तिशीची मुलगी, दोन वेण्या, पायात जाड बूट. नवे टॉवर, मध्येच उरलेलं भाताचं खाचर, पुन्हा टॉवर. हरीश स्कॅनर घेऊन तिथेच आला होता. तिच्या जीपमधून आम्ही तिघं निघालो. बारवीच्या रस्त्याला पहिले काही किलोमीटर बरे आहेत, पुढे खड्डे. पाणी आणि खाणं बदलापुरातच घ्या. पुढे चहाच्या दोन टपऱ्या आहेत आणि त्यांच्या वेळा त्यांनाच माहीत.

पाड्यावर हिराबाई वाट बघत होत्या. सत्तरीच्या, काटक, नऊवारी गुडघ्याखाली खोचलेली. देवाची पूजा त्यांच्या घराकडे आहे. सासरा गेला, नवरा गेला, आता त्याच करतात. आणि गोठा गेला तो त्यांचाच. त्यांचं घर माळावरच्या रांगेत मधलं.

"सायेबाची भैन ना तुमी? नाकावरनं वलखली," त्या म्हणाल्या. "सायेब कसं हायेत?"

"पडून असतात."

"आं. आमी बी उभ्यानं पडलोयच."

मग त्यांनी कनवटीतून एक काळी जड चकती काढली. फुटक्या डीजेच्या भोंग्यातला लोहचुंबक. ज्याला तो चिकटेल, ते देवाच्या पुढे जाणार नाही. आमची झडती अंगणातच झाली. माझं हेल्मेट पास. सानिकाच्या बुटांच्या टाचांना चुंबक चिकटला, तिने बूट काढून रबरी चपला घातल्या. माझ्या केसातल्या पिना निघाल्या. हरीशच्या पट्ट्याचं बक्कल चिकटलं.

"अम्मा, पँट खाली आली तर देव काय बोलेल?"

"त्यानं लई पायलंय. सुतळी देते, बांध."

स्कॅनरच्या अंगावर चुंबक फिरला आणि काही झालं नाही. हरीश खूश झाला. "मैंने बोला था, हलका मेटल है." पण फिरत्या डोक्याच्या तळाशी चुंबक टपकन बसला. आत मोटर होती.

 मोटर काढून ठेवता येत नाही, हे हिराबाईंनाही समजलं होतं. त्या चुंबक हातात घेऊन बुजवलेल्या गोठ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"त्या टायमाला देवापाशी सासऱ्यानं सायेबाचा कंपास काढून घेतला. भायेर उंबराच्या बुडाशी मीच नेऊन ठेवला, ह्या हातानं. नवी सून होते. काय असतं ते ठावं नव्हतं, घड्याळ वाटलं." चुंबक त्यांनी पुन्हा कनवटीला लावला. "जावा घेऊन. तवा अडवला, तर देव तरी कुठं राखणीला आला."

त्यांनी नारळ फोडला, देवाची माफी मागितली आणि आम्ही निघालो.

सानिकाने मोजायला सुरुवात घरांपासून केली. स्कॅनर छातीशी धरून ती रांगेतल्या प्रत्येक घराभोवती सावकाश फिरली, मग पायवाटेने गुहेच्या तोंडाशी, मग आत. मध्ये कुठे थांबवलं नाही, म्हणजे वरची घरं आणि खालची गुहा एकाच चित्रात, एकमेकांच्या जागी येतात. एवढी साधी गोष्ट, पण हीच करण्यासाठी आम्ही आलो होतो.

देवापर्यंत गुहा उंच आहे. ओली माती, वटवाघळांचा वास, कुठेतरी ठिबकणारं पाणी. देवाला नमस्कार करून पुढे गेलो, तेव्हा वाकावं लागलं. मी मधे होते. डावा हात भिंतीवर ठेवून चालले, दादाने ठेवला असेल तसा. शंभरेक पावलं असतील. मला कोणी शपथ घालून विचारलं असतं, तरी मी सांगितलं असतं, वाट सरळ आहे.

टोकाला मातीचा ढिगारा होता, अर्धी वाट अडवणारा. सानिकाने बॅटरी वर केली. ढिगाऱ्यात घरातल्या मातीचा रंग होता, शेणाने सारवलेली ढेकळं होती. आणि शिंगं.

"भाई," हरीश एवढंच म्हणाला.

म्हशीच्या गळ्यातलं दावं अजून खुंट्याला बांधलेलं होतं. खुंटासुद्धा तिच्याबरोबर खाली आला होता. सानिकाने स्कॅनर तसाच त्यावरून फिरवला.  आम्ही कुजबुजतही नव्हतो. वर कोणाचं तरी घर आहे, हे आता तिघांनाही कळलं होतं.

बाहेर आल्यावर पाड्याच्या शाळेच्या व्हरांड्यात सानिकाने लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर करड्या ठिपक्यांची घरं उभी राहिली. कौलं, तुळशीवृंदावन, दोरीवरचं लुगडंसुद्धा ठिपक्यांचं. त्यांच्याखाली गुहा, आतड्यासारखी. सानिकाने दादाच्या नकाशाचा फोटो त्यावर लाल रेषेत ठेवला.

"काकू, हे बघा. देवापर्यंत." लाल रेष आणि ठिपके एकावर एक बसले होते. "मेणबत्ती, कंपास आणि कापडी टेपने केलंय हे. आमच्या कॉलेजात कोणाला जमणार नाही."

मग देव आला. लाल रेष सरळ डोंगरात गेली. ठिपके हळूहळू डावीकडे वळत गेले, विळ्यासारखे, इतक्या हळू की पायाला कळू नये. विळ्याचं टोक घरांच्या रांगेखाली होतं. टोकाच्या आधीच्या पात्यावर एकेक करून पाच घरं. शेवटी ठिपक्यांचा ढीग आणि त्यात ठिपक्यांची दोन शिंगं.

पाड्यातली माणसं मागे गोळा झाली होती. हिराबाई पुढे आल्या आणि त्यांनी बोटाने आपलं घर बरोबर शोधलं.

"माझी चूल हितं. खाली किती दगूड हाय?"

सानिकाने दोनदा मोजलं. "आजी, दगड थोडाच. माती धरून तुमच्या उंचीएवढं. शेजारी त्याहून कमी आहे."

हिराबाईंनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "कुकर लावलाय. काढू का तसाच?"

उजेड होता तोवर पाच घरांतलं सामान शाळेत आलं. गाद्या, पिंप, देव्हारे, एक शिलाई मशीन. कोणी रडलं नाही, कोणी दादाला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. एक म्हातारा शाळेच्या पायरीवर बसून म्हणाला, "एकदा पान्यानं उठवलं, आता पोकळीनं. तिसऱ्यांदा कोन उठवतो बघू." लोक हसले. मीही एक पिंप उचललं, तेव्हा हिराबाईंनी माझ्या हातातून ते काढून घेतलं. "ऱ्हाऊ द्या ताई, कंबर जाईल." रागावून म्हणाल्या की मायेने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसरा दिवस

सोनिवलीत सानिकाकडे मुक्काम करून सकाळी अंबरनाथला परतले. वहिनी जिन्यातच भेटल्या. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

"सांगू नका त्यांना. बरोबर निघाला म्हणा," त्या म्हणाल्या. "कोण तपासायला जाणार आहे? किती दिवस राहिलेत त्यांचे?"

मी वर न जाता शिवमंदिराकडे गेले. नन्सच्या शाळेत शिकलेय, खोटं बोलले की अजून मानेवर कोणीतरी उभं आहे असं वाटतं. पण वहिनींचं चुकत होतं असंही नाही. देवळाच्या भिंतीवरच्या मूर्ती झिजल्यात, शेजारच्या वालधुनी नदीला वास येतो, तरी लोक येतात. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. लहानपणी सांगायचे, इथून एक भुयार निघतं आणि डोंगरापलीकडे जातं. किती तरी पिढ्या ते सांगत आल्या आणि कोणाचं काही बिघडलं नाही. दादाने मात्र कागदावर रेष काढली होती. खाली नाव लिहिलं होतं.

वर गेले तेव्हा तो खिडकीकडे बघत होता. चूक की बरोबर, असं त्याने विचारलंच नाही.

"किती अंश?"

वहिनी दारात उभ्या होत्या. माझ्या मनात अजूनही ठरलं नव्हतं. पण प्रश्नच असा होता की त्याला खोटं उत्तर मला सुचेना.

"सुरुवातीला दोन-तीन. टोकापर्यंत जवळजवळ काटकोन."

"डावीकडे?"

"डावीकडे."

"भिंतीवर डावा हात होता माझा," तो म्हणाला. मग, "घरं?"

"पाच. रिकामी झाली काल. सगळी माणसं शाळेत आहेत."

त्याने डोळे मिटले. वहिनी आत निघून गेल्या, भांड्यांचा आवाज आला. मी त्याला सांगितलं की देवापर्यंत त्याचा नकाशा तंतोतंत आहे. सानिका काय म्हणाली तेही. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. दुपारी जेवला नाही. निघताना मात्र त्याने मला वही काढायला लावली आणि काही गोष्टी लिहून घ्यायला सांगितल्या.

घरी

नाशिकला येऊन आठवडा झाला. पाच कुटुंबं अजून शाळेत आहेत. वर्ग व्हरांड्यात भरतात. नवी जागा बघायचं चाललंय, आणि या वेळी सानिका आधी तिथली जमीन तपासणार आहे. त्या बाजूला भटकायला जाणारे मला विचारतात, गुहा कुठे आहे. सांगणार नाही. कुठल्याही पाड्याच्या गुहेत जायचं असेल तर आधी पाड्याला विचारा. आणि त्यांचा नियम पाळून काही मोजलंत, तर नियमामुळे काय मोजलं नाही ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. दादाने ते लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर त्यांच्या देवाकडे बोट दाखवल्यासारखं झालं असतं, असं तो म्हणाला. मला त्याच्यावर रागावता येत नाही. म्हशीचा खुंटा मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

सानिका हा ब्लॉग वाचते, वहिनीही वाचतात, आणि पाड्यावर शाळेच्या बाई हिराबाईंना वाचून दाखवणार आहेत. म्हणून दादाने सांगितलेलं इथेच लिहिते.

मोजणीच्या वह्या सगळ्या सानिकाला द्यायच्या. देवापुढच्या मापांचं पान फाडायचं नाही, विद्यार्थ्यांना आधी तेच दाखवायचं.

ड्रॉइंग बोर्ड आणि पेनांचा डबा पाड्याच्या शाळेला.

कंपास हिराबाईंना. तो कुठे ठेवायचा ते त्यांनी ठरवावं, कोणी सुचवू नये.

मूळ नकाशा पाड्याचा. नव्या नकाशाच्या शेजारी लावायचा, चुकलेल्या भागावर लाल रेघ मारायची, पण कोपऱ्यातलं नाव खोडायचं नाही. कोणाच्या भरवशावर घरं बांधली ते कळायला हवं.

स्कॅनची एक मोठी छापील प्रत दादाला. पलंगाच्या डाव्या हाताच्या भिंतीवर, कारण मान तिकडेच वळते. वहिनी, तुम्हाला ती डोळ्यांपुढे नको आहे हे मला माहीत आहे. तरी ती तिथेच लावायची आहे.